तिरस्करिणीचें प्रमाण : नोकरींतील स्त्रीपुरुषभेदावरील एका प्रसिद्ध निबंधाची चिकित्सा

(१)

नोकरी देतांना व बढती देतांना स्त्री आणि पुरुष यांच्यांत भेद केला जातो काय, आणि केला जात असल्यास तो सिद्ध कसा करावा, हा प्रश्न वरकरणी या त्रैमासिकाच्या कक्षेबाहेरचा वाटेल. ताम्रपट, बखरी, करीने आणि महजर यांच्या वाचकांस कचेरींतील नेमणुकांशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. परंतु नेमणूक ही कागदावर होते. नाकारलेल्या अर्जावर शेरा पडतो. बढती न मिळाल्याचें कारण कोठें तरी लिहिलेलें असतें, किंवा मुद्दाम लिहिलेलें नसतें. अर्थात् हा प्रश्न अखेरीस कागदपत्रांच्या प्रामाण्याचा आहे. अस्सल कोणता व नक्कल कोणती, लिहिणाराचा हेतु काय, अमुक ठिकाणीं कागद गप्प कां बसला आहे, हें पाहण्याची संवय ज्यांस आहे त्यांनीं या विषयाकडे पाठ फिरविण्याचें कारण नाहीं.

प्रस्तुत टिपणांत आम्हीं मुख्यतः एका निबंधाची परीक्षा करण्याचें योजिलें आहे. क्लॉडिया गोल्डिन व सेसिलिया राऊस या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विदुषींचा हा निबंध सन २००० मध्यें ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. यांपैकीं गोल्डिनबाईंस २०२३ चें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या विषयाचें पारितोषिक एका स्त्रीस वांटेकऱ्यावांचून मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग होय. निबंधाचा प्रश्न असा कीं, वाद्यवृंदासाठीं वादक निवडतांना उमेदवार व परीक्षक यांच्यामध्यें पडदा धरला तर स्त्रियांची निवड वाढते काय. या निबंधाचा हवाला व्याख्यानांत, वृत्तपत्रांत व कचेऱ्यांच्या शिक्षणवर्गांत इतक्या वेळां देण्यांत आला आहे कीं, पुष्कळांच्या मतें या विषयाचा तोच मूलग्रंथ झाला आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. हा निबंध जितका प्रसिद्ध आहे तितका निर्णायक नाहीं. तो ज्या पक्षाच्या आधारासाठीं पुढें केला जातो तो पक्ष मात्र खरा आहे, आणि त्याचे अधिक बळकट पुरावे साध्या दप्तरी कागदांत पडलेले आहेत. दुबळा साक्षीदार पुढें करून बळकट साक्षीदार घरीं बसविला म्हणजे पहिल्याची उलटतपासणी होतांच खरा पक्षहि हरतो. येथें हरणारा पक्ष कागदावरचा नाहीं; पोटासाठीं अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांचा तो पक्ष आहे. म्हणून ही चिकित्सा अवश्य आहे.

(२)

प्रथम निबंधाचा आशय पाहूं. अमेरिकेंतील मोठ्या वाद्यवृंदांत फार दिवस अशी चाल होती कीं, मुख्य संचालकानें ठराविक गुरूंच्या शिष्यांतून आपल्या पसंतीचे वादक घ्यावे. १९७० व १९८० च्या दशकांत ही रीत पालटली. जागा जाहीर होऊं लागल्या, उमेदवार वाढले, वृंदांतील वादक परीक्षकमंडळावर बसूं लागले, आणि पुष्कळ ठिकाणीं परीक्षेच्या वेळीं मध्यें पडदा आला. बोस्टनच्या वृंदानें तो प्राथमिक फेरीपुरता १९५२ सालींच धरला होता. इतर बहुतेकांनीं तो पुढें वीस-तीस वर्षांनीं स्वीकारला. हा पडदा म्हणजे छतापासून सोडलेलें जाड कापड किंवा खोलीचे दोन भाग करणारें एखादें आडोशाचें साधन. पावलांच्या आवाजावरून आंत येणारी व्यक्ति स्त्री कीं पुरुष हें कळूं नये म्हणून कांहीं ठिकाणीं जमिनीवर जाजम अंथरीत. तें नसेल तर वृंदाचा व्यवस्थापक स्वतःच पावलें वाजवून कानाला चकवी. बहुतेक वृंदांत शेवटच्या फेरीस पडदा दूर होई. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरासारख्या एखाद्या ठिकाणीं मात्र तो अखेरपर्यंत राही.

अमेरिकेंतील पांच अग्रगण्य वृंदांत १९७० सालीं स्त्रियांचें प्रमाण शेंकडा ५ हूनहि कमी होतें. १९९७ च्या सुमारास तें शेंकडा २५ झालें. या वाढीपैकीं किती भाग पडद्याचा, हें लेखिकांस ठरवावयाचें होतें. त्यासाठीं त्यांनीं आठ वृंदांच्या वादनपरीक्षांचीं जुनीं टिपणें व अकरा वृंदांच्या सभासदांच्या याद्या मिळविल्या. परीक्षांचे कागद १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून १९९५ पर्यंतचे आहेत. त्यांत ७,०६५ व्यक्ति, परीक्षांच्या ५८८ फेऱ्या आणि एकंदर १४,१२१ नोंदी आहेत. उमेदवार स्त्री कीं पुरुष हें त्यांच्या नांवांवरून ठरविलें आहे. दप्तरें धुंडाळण्याचें काम ज्यांनीं केलें आहे त्यांस या श्रमाची किंमत सांगावयास नको. संस्थेच्या कपाटांत कोणाच्याहि उपयोगाची नाहींत म्हणून पडून राहिलेलीं टिपणें हातीं घेऊन त्यांस प्रश्न विचारणें, हीच खरी संशोधकबुद्धि होय. आणि या एका गोष्टीसाठींहि हा निबंध आदरणीय आहे.

(३)

आतां गुणदोषविचार. आमचे आक्षेप तीन आहेत.

पहिला आक्षेप असा. या नोंदींची सरळ सरासरी काढली तर पडद्याआडच्या फेऱ्यांत स्त्रियांस मिळालेलें यश हें उघड फेऱ्यांतील यशापेक्षां अधिक न दिसतां उलट कमी दिसतें. लेखिका हें लपवीत नाहींत. त्यांचें उत्तर असें कीं, पडद्यामुळें धीर येऊन अधिक स्त्रिया परीक्षेस येऊं लागल्या, त्यांत कमी तयारीच्याहि आल्या, आणि म्हणून सरासरी खालीं गेली; सबब तुलना करावयाची ती एकाच व्यक्तीच्या दोन्ही प्रकारच्या परीक्षांची. हें उत्तर तर्कशुद्ध आहे. परंतु दोन्ही प्रकारच्या परीक्षा दिलेल्या व्यक्ति एकंदर समुदायाचा लहानसा भाग आहेत. चौदा हजार नोंदींचा डोलारा मग थोड्याशा खांबांवर येऊन ठेपतो. शंभर पानांच्या पोथींत वादग्रस्त श्लोक ज्या दोन पानांवर आहे तीं दोनच पानें जीर्ण असावींत, तशांतला हा प्रकार आहे.

दुसरा आक्षेप पहिल्यांतूनच निघतो. आधार लहान म्हणजे अनुमानाची अनिश्चितता मोठी. कांहीं फेऱ्यांचे आंकडे असे आहेत कीं, खरा परिणाम पुष्कळ मोठा असणें, अगदीं लहान असणें किंवा मुळींच नसणें, यांपैकीं कशासहि ते पुरतें बाधक होत नाहींत. शिवाय मधल्या, म्हणजे उपांत्य, फेरींत पडद्याचा परिणाम स्त्रियांस प्रतिकूल दिसतो, आणि तो कसाहि हिशेब केला तरी नाहींसा होत नाहीं. लेखिकांनीं निबंधाच्या आरंभींच्या सारांशांत या दोन्ही गोष्टी स्वच्छ कबूल केल्या आहेत.

तिसरा आक्षेप समकालीन बदलांचा. पडदा एकटा आला नाहीं. जागांची जाहीर घोषणा, परीक्षकमंडळांची नवी रचना आणि संगीतशाळांतून तयार होऊन बाहेर पडणाऱ्या स्त्रियांची वाढती संख्या, हीं सर्व त्याच सुमारास आलीं. लेखिकांच्याच हिशेबानें नव्या नेमणुकांतील स्त्रियांच्या वाढीपैकीं सुमारें शेंकडा ३० आणि वृंदांतील एकंदर वाढीपैकीं फार तर शेंकडा २५ इतकें श्रेय पडद्यास देतां येतें. म्हणजे त्यांच्या मतेंहि तीन हिश्शांपेक्षां जवळ जवळ दोन हिस्से वाढीचें कारण अन्यत्र शोधावयास हवें.

मूळ संहिता अशी सावध असतां लोकांत रूढ झालेला पाठ काय आहे? ‘पडदा धरतांच स्त्रियांची निवड दीडपट झाली.’ मूळांत दीडपटीचा आंकडा आहे तो कांहीं प्राथमिक फेऱ्यांतून पुढें जाण्याच्या संभवाचा, नेमणुकीचा नव्हे. नकलकारानें समासांतील टीप मजकुरांत घ्यावी आणि पुढच्या नकलकारानें मूळ वाक्यच गाळावें, असा हा प्रक्षेपाचा नमुनेदार प्रकार आहे. यांत लेखिकांचा थोडा भाग आहे तो असा कीं, उपसंहारांत त्यांनीं मोठे आंकडे पुनः दिले, पण त्यांच्याबरोबर अनिश्चिततेच्या मर्यादा दिल्या नाहींत. आणि वाचणारे बहुधा उपसंहारच वाचतात. २०१९ सालीं कोलंबिया विद्यापीठांतील संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन व आणखी कांहीं जणांनीं मूळ कोष्टकें पुनः वाचून हा दुबळेपणा उघड केला. निबंध प्रसिद्ध होऊन तोंवर एकोणीस वर्षें लोटलीं होतीं. इतकीं वर्षें हवाला देणारांपैकीं कोष्टकें उघडून पाहणारे फारच थोडे असले पाहिजेत. मूळ कागद पाहिल्यावांचून लिहूं नये हा राजवाड्यांच्या परंपरेचा दंडक अर्थशास्त्रासहि लागू आहे, एवढाच याचा अर्थ.

(४)

येथें एक साहित्यांतील दृष्टांत आठवतो. ‘मालविकाग्निमित्रां’त गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण असा वाद उपस्थित होतो, आणि निर्णयासाठीं परिव्राजिका पंडिता कौशिकी हिला मध्यस्थ नेमतात. परीक्षा शिष्यांच्या प्रयोगावरून व्हावी असें ठरतें, आणि अंगसौष्ठव नीट दिसावें म्हणून पात्रांनीं विरळ वेष करून प्रवेश करावा अशी सूचना स्वतः परीक्षिकाच करते. पुढें मालविका अजून पडद्याआड असतां राजाची दृष्टि ती तिरस्करिणी दूर सारण्यास अधीर झाली आहे असें तो स्वतःच बोलून दाखवितो. वाचक जाणतोच कीं, हा सारा वाद आणि ही परीक्षा मुळांत मालविका राजाच्या दृष्टीस पडावी म्हणून विदूषकानें रचलेला बनाव आहे. राणी धारिणीसहि तो संशय येतो. परीक्षा गुणाची म्हणून पुकारली जाते आणि पाहावयाचें असतें दुसरेंच, ही गोष्ट कालिदासास ठाऊक होती. अमेरिकेंतील वृंदांनीं तीच तिरस्करिणी उलट्या कामास लाविली. परीक्षकाच्या दृष्टीस जें पाहावेंसें वाटतें तें तिनें झांकावें आणि जें ऐकणें हें त्याचें कर्तव्य तेंच तेवढें त्याच्यापर्यंत जाऊं द्यावें. युक्ति म्हणून ती निःसंशय उत्तम आहे. युक्ति उत्तम असणें आणि तिचा परिणाम मोजला जाणें या दोन गोष्टी मात्र भिन्न आहेत.

शिवाय पडद्याची युक्ति वादनास जशी साधते तशी इतर नोकऱ्यांस साधत नाहीं. व्हायोलिनच्या नादास लिंग नाहीं. मराठी वाक्यास आहे. आम्ही अध्यापनाच्या पेशांत असतां नोकरीचे अर्ज पुष्कळ वाचले. अर्जावरचें नांव झांकलें तरी ‘मी अमुक सालीं उत्तीर्ण झालों’ कीं ‘झालें’, ‘काम करीत होतों’ कीं ‘होतें’, हें क्रियापदच सांगून टाकतें. ‘अर्ज सादर करीत आहे’ अशा वळणाआड क्षणभर लपतां येतें, पण पुढच्याच ओळींत लेखणी उघडी पडते. मधल्या नांवाचीहि तीच कथा. पुरुषाचें मधलें नांव जन्मभर बापाचें असतें. पुष्कळ स्त्रियांचें लग्नानंतर पालटतें, आणि मग जुनीं प्रमाणपत्रें एका नांवाचीं व अर्ज दुसऱ्या नांवाचा असा घोटाळा होतो. नांवामागें ‘कुमारी’ किंवा ‘सौभाग्यवती’ लागतांच विवाहाची बातमीहि कळते. ‘श्रीयुत’ या शब्दावरून पुरुषाविषयीं तसें कांहींच कळत नाहीं. जुन्या पत्रांत ‘गंगाभागीरथी’ व ‘वज्रचूडेमंडित’ या मायन्यांवरून आपण स्त्रीची स्थिति ओळखतों, तीच ही गोष्ट. सारांश, नांव पुसून पडद्याचें काम होईल असें मानणें आपल्या भाषेपुरतें तरी भोळेपणाचें आहे.

(५)

कृत्रिम अर्जांच्या प्रयोगांविषयीं थोडक्यांत लिहितों. २०१२ सालीं अमेरिकेंत १२७ विज्ञानाध्यापकांकडे प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकाच्या जागेसाठीं एकच अर्ज पाठविण्यांत आला. निम्म्यांकडील प्रतीवर पुरुषाचें नांव, निम्म्यांकडील प्रतीवर स्त्रीचें. पुरुषाचें नांव असलेला अर्ज अधिक योग्य ठरला, आणि त्यास देऊं केलेलें वार्षिक वेतन सरासरीनें ३०,२३८ डॉलर, तर स्त्रीस २६,५०८ डॉलर. उलट २०१५ सालच्या दुसऱ्या प्रयोगांत विज्ञानशाखांतील प्राध्यापकपदासाठीं स्त्रीउमेदवारास दुपटीनें पसंती मिळाली. हे दोन पाठ एकमेकांस छेदतात असें म्हणण्यापूर्वीं ते एकाच ग्रंथाचे आहेत काय हें पाहिलें पाहिजे. एकांत जागा कनिष्ठ व उमेदवार बेताचा, तर दुसऱ्यांत जागा वरिष्ठ व सर्व उमेदवार उत्कृष्ट. दोहोंतहि नेमणूक खरी नाहीं. अशा प्रयोगांस आम्ही साक्षीदाराचें स्थान देतों, न्यायाधीशाचें देत नाहीं.

(६)

आतां बळकट पुराव्याकडे वळूं. ज्यानें अन्याय केला त्यानेंच तो नियम म्हणून लिहून ठेविला असेल तर त्याहून श्रेष्ठ प्रमाण कोणतें? गोल्डिनबाईंचें आमच्या मतें थोर कार्य पडद्याच्या निबंधांत नसून त्यांच्या १९९० सालच्या अमेरिकन स्त्रियांच्या आर्थिक इतिहासावरील ग्रंथांत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत त्यांस सरकारी स्त्रीकामगार विभागानें १९४० सालीं कचेऱ्यांकडून भरून घेतलेले तक्ते मिळाले. त्यांत मालकांनीं कोणत्या जागा केवळ पुरुषांसाठीं, कोणत्या केवळ स्त्रियांसाठीं, आणि विवाहित स्त्रीस नोकरी देतों किंवा नाहीं, हें निःसंकोच लिहिलें आहे. तसें लिहिण्यांत कांहीं वावगें आहे असें त्यांस त्या काळीं वाटतच नव्हतें, म्हणून हा कागद खरा. शाळांची स्थितिहि त्याच ग्रंथांत आहे. १९४२ सालीं अमेरिकेंतील शाळामंडळांपैकीं शेंकडा ८७ विवाहित स्त्रीस शिक्षिका म्हणून घेत नसत, आणि शेंकडा ७० नोकरींत असतां विवाह करणारीस ठेवून घेत नसत.

आपल्याकडे असे कागद नाहींत असें कोणी समजूं नये. भारतीय परराष्ट्रसेवेच्या १९६१ च्या नियमांत असें होतें कीं, स्त्री अधिकाऱ्यानें विवाहापूर्वीं सरकारची लेखी अनुज्ञा घ्यावी, आणि संसाराच्या जबाबदाऱ्यांमुळें कामांत व्यत्यय येईल असें सरकारास वाटल्यास तिला राजीनामा द्यावयास लावतां येईल. विवाहित स्त्रीस या सेवेंत नेमणुकीचा हक्क नाहीं असेंहि एक कलम होतें. या सेवेंत १९४९ सालीं प्रवेश केलेली पहिली स्त्री सी. बी. मुथम्मा हिला बढती नाकारली गेली तेव्हां ती सर्वोच्च न्यायालयांत गेली; नोकरींत शिरतांना विवाह केल्यास राजीनामा देण्याचें वचन आपल्याकडून घेतलें होतें असेंहि तिनें मांडलें. दावा चालूं असतां सरकारनें बढती दिली, नेमणुकीचें तें कलम १९७३ सालींच काढल्याचें सांगितलें, आणि १९७९ सालीं न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं अर्ज निकालांत काढतांना उरलेल्या सर्व नियमांची छाननी करण्यास सरकारास बजावलें. येथें संशोधकानें लक्षांत घ्यावें तें हें कीं, भरतीचा भेद नियमांत छापील सांपडतो. बढतीचा भेद मात्र मंडळाच्या ‘गुणवत्ता पुरेशी नाहीं’ एवढ्या शेऱ्याआड राहतो.

मुंबईच्या एका औषधी कंपनींत बांधणीखात्यांतील अविवाहित स्त्रियांची नोकरी विवाह होतांच संपे. ही शर्त सर्वोच्च न्यायालयानें अन्याय्य ठरविल्याचा निकाल १९६६ च्या निकालसंग्रहांत छापलेला आहे. त्याच मुंबईंतील दोन पुढचे निकाल शेजारीं ठेवून वाचण्यासारखे आहेत. एअर इंडियाच्या हवाईसुंदरीनें पस्तिसाव्या वर्षीं, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास, किंवा पहिल्या गर्भारपणीं निवृत्त व्हावें असा नियम होता. विमानांत काम करणाऱ्या पुरुषांस मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत मुदत होती. १९८१ सालीं न्यायालयानें गर्भारपणाचें कलम व मुदतवाढीचा व्यवस्थापकीय संचालकाचा स्वैर अधिकार रद्द केला. पण विवाहाची चार वर्षांची अट कायम ठेविली, आणि पुरुषांशीं तुलना नाकारली. कारण काय, तर दोघांचा संवर्ग निराळा. १९८७ सालीं मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या ऑड्रे डी’कॉस्टा प्रकरणांत ‘स्त्री लघुलेखक’ व ‘पुरुष लघुलेखक’ यांच्या वेतनांतील फरकाचें समर्थन अशाच वेगळेपणावर रचलें होतें. तेथें न्यायालयानें पदाचें नांव बाजूस सारून प्रत्यक्ष काम पाहिलें आणि समान वेतन दिलें. एके ठिकाणीं संज्ञेवरून निर्णय, दुसरे ठिकाणीं संज्ञीवरून. न्यायशास्त्र शिकलेल्या वाचकास यांतील ग्राह्य कोणता तें सांगावयास नको. भेद करावयाचा असेल तर प्रथम नांव निराळें द्यावें, ही युक्ति कागदांत वारंवार दिसते, म्हणून पदनामाच्या याद्या वाचतांना विशेष सावध असावें.

(७)

दुसरें प्रमाण मौनाचें. जुन्या अमेरिकन खानेसुमारींत विवाहित स्त्रीच्या धंद्याच्या रकान्यांत बहुधा ‘पत्नी’ एवढेंच लिहीत. ती शेतांत राबे, भाडेकरू ठेवून जेऊं घाली, घरीं बसून मालाचें काम करी, हें सारें गळे. गोल्डिनबाईंनीं अन्य साधनांशीं पडताळा घेऊन दाखविलें कीं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कामकरी विवाहित स्त्रियांचें खरें प्रमाण खानेसुमारींतील नोंदीच्या जवळ जवळ तिप्पट होतें. व्हिएन्नाच्या सुप्रसिद्ध वृंदांत ॲना लेल्केस ही वीणेसारखें हार्प वाद्य दोन दशकांहून अधिक काळ वाजवीत असतां सभासद झाली ती १९९७ सालीं. त्यापूर्वींची सभासदांची यादी पाहून ‘या वृंदांत स्त्री नव्हती’ असें लिहिणारा इतिहासकार यादीशीं प्रामाणिक आणि सत्याशीं अप्रामाणिक ठरेल.

तिसरें प्रमाण अभिप्रायाचें; आणि बढतीच्या प्रश्नांत तेंच सर्वांत महत्त्वाचें. सैन्यांतील अल्पमुदतीच्या स्त्री अधिकाऱ्यांस कायम कमिशन द्यावें असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें बबिता पुनिया प्रकरणांत फेब्रुवारी २०२० मध्यें दिला. मग निवड करतांना त्यांचे जुने गोपनीय अहवाल पुढें ठेविले गेले. ते लिहिले गेले त्या काळीं या स्त्रियांस कायम होण्याचा मार्गच नव्हता, म्हणून वरिष्ठांनीं गुण देतांना फारशी काळजी घेतली नव्हती. शिवाय पांचव्या किंवा दहाव्या वर्षानंतर मिळविलेले मानसन्मान विचारांत घेतलेच नाहींत. मार्च २०२१ च्या नितिशा प्रकरणांत न्यायालयानें हीच गोष्ट ओळखली, आणि वरून समान दिसणारी कसोटी आंतून विषम असूं शकते असें स्पष्ट म्हटलें. आमच्या मतें हा निकाल साधनचिकित्सेचा आदर्श पाठ आहे. जो कागद ज्या हेतूनें लिहिला गेला त्याच हेतूपुरता तो प्रमाण. दुसऱ्या हेतूसाठीं तो वापरतांना लिहिणाराची त्या वेळची दृष्टि पारखून घ्यावी लागते. बखरीविषयीं आपण जें म्हणत आलों तेंच येथें गोपनीय अहवालाविषयीं म्हटलें आहे. कायदाहि या भेदाकडे उशिरां वळला. १९७६ च्या समान वेतनाच्या कायद्यांत भेदभावाची बंदी भरतीपुरती होती. बढती, शिक्षण व बदली हे शब्द त्यांत १९८७ च्या दुरुस्तीनें आले. तो कायदा पुढें २०१९ च्या वेतनसंहितेंत विलीन करण्यांत आला.

(८)

एकंदरींत निर्णय काय? भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं आरंभून १९६६ सालीं पुऱ्या केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत सुकथनकरांनीं घालून दिलेलें एक तत्त्व असें कीं, ज्या पोथ्या एकमेकींवरून उतरलेल्या नाहींत त्यांचें एकमत सर्वांत वजनदार समजावें. तें तत्त्व येथें लावूं. मालकांचे तक्ते, शाळामंडळांचे नियम, परराष्ट्रसेवेचीं कलमें, विमानकंपनीच्या शर्ती, खानेसुमारीचे रिकामे रकाने आणि सैन्याचे अहवाल, या परस्परनिरपेक्ष साधनांनीं एकच पाठ दिला आहे, तो असा कीं, समान गुणाच्या स्त्रीस द्वार अरुंद होतें आणि आंत गेल्यावर जिना अधिक उभा होता. पडद्याचा निबंध या पाठाशीं जुळतो. पण तो पाठ त्याच्यावर उभा नाहीं. उद्यां तो निबंध सर्वस्वी रद्द ठरला तरी सिद्धान्ताचें कांहीं बिघडत नाहीं. हें ओळखून जे लिहितील त्यांस प्रतिपक्षी सहज निरुत्तर करूं शकणार नाहीं.

अखेरीस आमच्या संग्राहक बंधूंस एक विनंती. मोडी रुमाल आपण जपतों. शंभर वर्षांपूर्वींच्या शाळेचें, दवाखान्याचें, गिरणीचें किंवा नगरपालिकेचें दप्तर मात्र रद्दींत जातें. त्यांतहि निवडलेल्या माणसाचें सेवापुस्तक राहतें आणि नाकारलेल्यांचे अर्ज प्रथम जाळले जातात. म्हणून उरलेलें दप्तर स्वभावतःच विजेत्यांची बखर असतें. जागेची मूळ जाहिरात, आलेल्या सर्व अर्जांची यादी, निवडमंडळाचें टिपण, ज्येष्ठतेची यादी, आणि राजीनाम्याचीं पत्रें, या पांच गोष्टी एका संस्थेच्या जरी सलग वीस वर्षांच्या हातीं लागल्या, तरी दूरदेशींच्या निबंधाचा हवाला देण्याची गरज पुष्कळ कमी होईल. असें एखादें दप्तर ज्यांच्या पाहण्यांत असेल त्यांनीं तें विकत घेण्यास विलंब करूं नये, आणि घेतल्यावर प्रथम त्यांतील न मिळालेल्या जागांचे कागद वेगळे बांधून ठेवावे.